बहात्तरचा दुष्काळ कोणी सांगायचा?

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून जवळपास तीन वर्षं काँग्रेस कार्यकारिणीचे नेते स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिलं. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही याच बंदिवासातली, आपल्या खोलीत वस्ती करून राहिलेल्या चिमण्यांवरही त्यांनी मन लावून लिहिलं आहे. त्यामुळे त्या तीन वर्षांतला किल्ला आज आपल्याला आतून पाहता येतो. पण त्याच वर्षांत तटाबाहेरच्या शहरात महायुद्धाची महागाई होती, धान्याची टंचाई होती, लष्करी छावणीची वर्दळ होती. ते दिवस हातमागावर बसणाऱ्या पद्मशाली विणकराने कसे काढले, विडी वळणाऱ्या बाईने कसे काढले, बाजारातल्या हमालाने कसे काढले, हे आज कोणाला विचारायचं? जी माणसं सांगू शकली असती, ती राहिलेली नाहीत. नेत्यांजवळ कागद होता, वेळ होता आणि वाचणारा देश होता. बाकीच्यांजवळ फक्त आठवण होती, आणि आठवणीचं आयुष्य माणसाएवढंच असतं.

किल्ल्याबाहेरच्या त्या वर्षांच्या बाबतीत आता फारसं काही करता येणार नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या एका मोठ्या घटनेबाबत मात्र अजून उशीर झालेला नाही. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, लोकांच्या बोलण्यात ते अजून नगरच आहे. पण नाव कोणतंही घ्या, इथल्या सत्तरीपुढच्या माणसाजवळ ‘बहात्तर’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्या दुष्काळात विशीत असलेल्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी खाल्ली. त्यांचं सांगणं आता नोंदवून ठेवायला हवं, आणि ते पुरावा म्हणून नोंदवायला हवं, असं माझं म्हणणं आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून, नातवंडांना गोष्टी ऐकता याव्यात म्हणून कोणी हे करत असेल तर चांगलंच आहे. पण मुद्दा तेवढ्यावर संपत नाही. या माणसांच्या साक्षीवाचून त्या दुष्काळाचा इतिहास अपुरा तर राहीलच, काही ठिकाणी तो चुकीचाही लिहिला जाईल.

कागदावरचा दुष्काळ आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. १९७० पासून राज्याच्या मोठ्या भागात ओळीने पाऊस दगा देत गेला आणि १९७२-७३ मध्ये कळस झाला. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकार घेत असलेल्या रोजगार हमी योजनेला या दुष्काळाने बळ दिलं; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या मागेही हाच अनुभव उभा होता. एवढं पीक बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, म्हणून ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्राच्या या कामाचा बारकाईने अभ्यास केला. हे सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असं आहे. फक्त ते वरून पाहिलेलं आहे. कामावरचं मस्टर घ्या. त्यात नाव, हजेरी आणि रक्कम असते. नाव सासूचं आणि खडी फोडणारी सून, असं कुठे झालं असेल. पगाराच्या दिवशी अंगठा बाईचा उठला आणि पैसे नवऱ्याच्या खिशात गेले, असंही झालं असेल. मस्टर यातलं काही सांगणार नाही, कारण ते सांगण्यासाठी मस्टर नसतंच. ज्या अभ्यासकाजवळ फक्त मस्टर आहे, तो ‘अमुक इतक्या स्त्रियांना रोजगार मिळाला’ असं लिहील. त्यात खोटं काही नसेल, तरी त्या घरात काय घडलं ते त्याच्या हाती लागलेलं नसेल.

आणि नुसतं विचारलं की उत्तर मिळतं, असंही नाही. ‘दुष्काळात फार हाल झाले का हो आजी?’ असं विचारलं तर ‘लई हाल झाले बाबा’ याच्यापलीकडे काही येणार नाही, कारण प्रश्नातच उत्तर भरून दिलेलं आहे. त्याऐवजी एका दिवसाचं विचारावं. कामावर जाताना तान्हं मूल कोणाजवळ ठेवत होता? खडीचा ढीग मोजायला कोण यायचं, आणि मोजणी कमी भरली तर काय करायचं? कामावर मिळणारी सुकडी तिथेच खायची की पदरात बांधून घरी न्यायची? घरी नेली तर ती कोणाच्या वाट्याला यायची? बैल विकले, पाहुण्यांकडे पाठवले की सोडून दिले? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणूस आपल्या हालांचं वर्णन करत बसत नाही, तो त्या दिवसात परत जातो. घरातल्या भुकेची वाटणी कशी झाली, आधी कोण जेवलं, कोणाची शाळा सुटली, कोणत्या मुलीचं लग्न घाईने उरकलं, ही माहिती कुठल्याच सरकारी नमुन्यात नाही. ती अशाच उत्तरांतून बाहेर येते.

नगर जिल्ह्यात तर हे जास्तच लागू पडतं, कारण इथे दुष्काळ एकच नव्हता. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला हा जिल्हा पाण्याने दुभंगलेला आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे उत्तरेत फिरले, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर आभाळाकडे डोळे लावून बसलेले. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकरांची तिसरीच तऱ्हा. जिल्ह्याची सरासरी काढली की हे तिन्ही दुष्काळ एकमेकांत मिसळून जातात. पाथर्डीच्या कुठल्या घरात कोयता पहिल्यांदा कधी आला, दुष्काळाने आणला की तो आधीपासून होता, मुकादमाची पहिली उचल कशासाठी घेतली गेली आणि ती कधी फिटली का, हे ऊसतोडीच्या घराण्यांना पिढ्यांच्या हिशेबाने सांगता येतं. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर आज जी चर्चा होते, तिची मुळं या उत्तरांत आहेत.

लोकांची आठवण आकड्यांना कुठे दुरुस्त करते, याचं एक उदाहरण ताजं आहे. २०१२-१३ चा दुष्काळ पडला तेव्हा नगरपासून मराठवाड्यापर्यंत गावोगावची म्हातारी माणसं एकच गोष्ट सांगत होती: बहात्तरला खायला दाणा नव्हता, पण विहिरीला पाणी होतं, आता दुकानात धान्य आहे आणि प्यायला पाणी नाही. नुसता पाऊस मोजून हा फरक समजत नाही. मधल्या ४० वर्षांत बोअर किती खोल गेले, ऊस कुठवर पसरला, जमिनीखालचं पाणी कसं उपसलं गेलं, हे पाहायला लागतं. त्या वृद्धांनी भूजलाचा अभ्यास केलेला नव्हता. दोन्ही दुष्काळ एकाच अंगावर काढल्यामुळे योग्य प्रश्न कोणता, ते त्यांना ठाऊक होतं.

सांगोवांगीला इतिहासात जागा देणं ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली नवी टूम आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच भाषेच्या आरंभाकडे पाहावं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ हा आठवणी गोळा करूनच झालेला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गोदाकाठच्या सराळ्याच्या म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या स्त्री-पुरुषांकडून लीळा जमवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. मूळ पोथी खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली गेली. वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातून निरनिराळे पाठ आले, आणि महानुभाव पंथाने ते नावानिशी जपले. आजच्या शिस्तीतही मौखिक इतिहासकाराकडून एवढंच मागितलं जातं: कोणाचं सांगणं आहे ते लिहा, पडताळा, आणि दोन सांगण्यांत फरक असेल तर तो पुसू नका. ही शिस्त आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होती याचा मला मनापासून आनंद वाटतो, आणि ती आपण मधल्या काळात संतांपुरती राखून ठेवली याचं वाईटही वाटतं.

अलीकडे ती शिस्त सामान्य माणसांपर्यंत आणण्याची कामंही मराठीत झाली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ते संकलन शेकडो गावांत पसरत गेलं आणि एक लाखाच्या वर ओव्या नोंदल्या गेल्या. बर्नार बेल यांनी पुढे अनेक गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने हा खजिना लोकांसमोर आणायला सुरुवात केली. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं गेलं, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट; लोकसाहित्य म्हटलं की रचणारी बाई अदृश्य होते, तसं इथे झालं नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आणलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्या प्रत्यक्ष जाऊन भेटल्या नसत्या, तर त्या चळवळीचा इतिहास पुरुषांच्या नावांवरच थांबला असता. मुंबईच्या गिरणगावाचं असंच काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केलं. आणि खुद्द नगर जिल्ह्यात, रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या जामखेड प्रकल्पाच्या हकिकतीत गावोगावच्या आरोग्यसेविकांचं स्वतःचं सांगणं आहे. त्यांतल्या कित्येकींना सुरुवातीला लिहिता-वाचता येत नव्हतं. बालमृत्यू किती कमी झाले ते तक्त्यात दिसतं. पण ज्या घराचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती, त्या घरातल्या बाळंतिणीने दलित आरोग्यसेविकेला आत कसं बोलावलं, ते त्या सेविकेवाचून कोण सांगणार?

आता सर्वांत मोठा आक्षेप. आठवण चुकते. चुकतेच, आणि मौखिक इतिहासाची बाजू घेणाऱ्याने हे आधी कबूल करावं. गाजरगवताचं पाहा. दुष्काळात आलेल्या अमेरिकेच्या धान्याबरोबर हे गवत आपल्या रानात आलं, असं ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतं. वनस्पतिशास्त्राच्या नोंदी मात्र ते १९५० च्या दशकाच्या मध्यातच पुण्यात दिसल्याचं सांगतात. म्हणजे साल चुकलं. आयात धान्याशी त्याचा संबंध अभ्यासकही जोडतात, तेव्हा आठवणीचा धागा अगदीच वाऱ्यावरचा नाही. पण काळ सरकला, आणि तो सरकून नेमका बहात्तरलाच का चिकटला? ज्या शेतकऱ्याने ज्वारी पिकवणाऱ्या मुलखात राहून परदेशातली तांबडी ज्वारी रांगेत उभं राहून घेतली, त्याला त्या मदतीत उपकाराबरोबर काहीतरी बोचलंही होतं, अशी शक्यता मला यात दिसते. रानभर माजलेल्या गवताला त्याने त्याच सालाचा जन्म दिला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने तेर्नी या पोलादनगरीत असाच प्रकार पाहिला. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत मारला गेला. गावातले अनेक कामगार मात्र त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनातला म्हणून सांगत. पोर्तेल्लीने साल कागदावरून घेतलं, आणि एवढ्या लोकांनी ते एकाच दिशेने का सरकवलं याचा शोध लोकांकडून घेतला. कागद आणि आठवण यांची विभागणी अशी करता येते. तारखेसाठी जन्म-मृत्यूची नोंद पाहावी, पावसासाठी पर्जन्यमापकाची वही पाहावी. माणसाकडून वर्ष काढायचं असेल तरी त्याला आकडा विचारू नये. लग्न कोयनेच्या भूकंपाच्या आधीचं की नंतरचं, थोरला पानशेत फुटलं तेव्हा चालत होता का, असं विचारलं की १९६७ आणि १९६१ च्या खुणांमध्ये साल बरोबर सापडतं.

यापेक्षा अवघड आक्षेप आठवणीचा नाहीच, तो ऐकणाऱ्याचा आहे. समोर कोण बसलं आहे ते पाहून माणूस बोलतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या वृद्धांच्या दोन हजारांवर मुलाखती सरकारी प्रकल्पात घेतल्या गेल्या. चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन या वृद्धेची मुलाखत एकदा गोऱ्या बाईने आणि एकदा काळ्या तरुणाने घेतली. पहिलीत मालक दयाळू निघाला, दुसरीत क्रौर्य बाहेर आलं. आपल्याकडे पाटलाच्या वाड्याच्या ओट्यावर बसून दलित वस्तीतल्या म्हाताऱ्याला ‘बहात्तरला पाणवठ्यावर काही भेदभाव होता का’ असं विचारणाऱ्याला कोणतं उत्तर मिळेल हे सांगायला नको. म्हणून मुलाखत कोणी, कुठे, कोणासमोर घेतली हे नोंदीत असायलाच हवं, आणि जमेल तिथे विचारणारा बदलून पुन्हा विचारायला हवं. दुसरी अडचण पुन्हापुन्हा सांगून गुळगुळीत झालेल्या कहाण्यांची. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार गावाने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाचं जे काम केलं ते थोर आहे, आणि ते पाहायला देशभरातून माणसं येतात. पण जी कहाणी इतक्यांदा सांगितली जाते, तिचे कंगोरे झिजतात. चराईबंदी झाली तेव्हा शेरडं कोणाची होती, त्यांनी ती विकली का, ते कशाला राजी झाले, मनातून झाले की गावाच्या रेट्याने, हे विचारलं तर गावाचं यश कमी होत नाही. उलट ते यश किती अवघड होतं हे कळतं, आणि तसं करू पाहणाऱ्या दुसऱ्या गावाला तेच कळायला हवं असतं.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आजीआजोबांचे व्हिडिओ घरोघर निघतात, मग वेगळं काय करायचं, असंही विचारलं जातं. व्हिडिओ निघतात आणि फोन बदलला की जातात. जे राहतात त्यांच्यावर ना तारीख, ना गाव, ना बोलणाऱ्याचं पूर्ण नाव. प्रश्न कापून टाकलेला आणि खाली संगीत लावलेलं. पुढच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही. नोंद म्हणजे पूर्ण, न कापलेलं ध्वनिमुद्रण, त्यासोबत बोलणाऱ्याचं वय, गाव, जमीन किती होती की नव्हती, मुलाखतीचा दिवस, कोणत्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे याची अनुक्रमणिका, आणि निदान दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रती. लिहून काढताना तर आपण फार नासधूस करतो. ‘आमी खडीवर व्हतो, मालक तवा मम्हईला गेल्ते’ हे वाक्य ‘आम्ही दुष्काळी कामावर होतो, त्या वेळी माझे पती मुंबईस होते’ असं शुद्ध करून छापलं की बाईचा आवाज जातो, आणि आवाजाबरोबर तिचं म्हणणंही पातळ होतं. लिखित प्रत हवीच, पण ती बोललेल्या भाषेत हवी, आणि मूळ आवाज तिच्याशी जोडलेला हवा.

दुखऱ्या गोष्टी उकरून काढायचा हक्क कोणी दिला, हा प्रश्न मात्र पद्धती सुधारून सुटणारा नाही. गावात माणसं शेजारी राहतात. बहात्तरला कोणी कोणाची जमीन पाच पोती ज्वारीवर लिहून घेतली, हे सांगणाऱ्याचा नातू आणि घेणाऱ्याचा नातू आज एकाच सोसायटीचे सभासद असतील. जातीय अत्याचारांच्या घटनांनी ज्या जिल्ह्याचं नाव राज्यभर गाजलं, तिथे हे हलकं घेता येणार नाही. इथे मला सांगणाऱ्याचा अधिकार अभ्यासकाच्या गरजेपेक्षा मोठा वाटतो. काय उघड करायचं, काय आपल्या हयातीत बंद ठेवायचं, नाव द्यायचं की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवावं. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी असावी, आणि दिलेली परवानगी मागे घेण्याची मुभा त्याला असावी. यामुळे काही गोष्टी आपल्या हाती लागणार नाहीत. ते चालेल. एखाद्याच्या गप्प राहण्याचीही नोंद करता येते. अमुक प्रश्नाला उत्तर दिलं नाही, एवढं लिहिलं तरी पुढच्या वाचकाला पुष्कळ कळतं.

हे काम करायला मोठी संस्था लागत नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दर वर्षी खेड्यांत सात दिवस मुक्काम करतात. श्रमदान आणि व्याख्यानांबरोबर त्यातले दोन दिवस जरी नीट शिकवून, दोघादोघांच्या जोड्या करून मुलाखतींना दिले, तर एका हिवाळ्यात शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण जमेल. ते सांभाळायला नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, तालुक्यांची जुनी वाचनालयं आहेत. तिथे जुन्या पोथ्या, नकाशे, नाणी आहेतच, त्यांच्या शेजारी हे आवाज ठेवता येतील. यात एक अडचण आहे आणि ती आधीच धरून चालायला हवी. शिबिरं हिवाळ्यात भरतात, आणि तेव्हा पाथर्डी-जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरची ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांवर गेलेली असतात. ज्यांचं ऐकायचं तेच गावात नसतात. घरी मागे राहिलेली म्हातारी भेटली तरी तिच्याबरोबर नातवंडं आणि जनावरं सांभाळायची असतात. म्हणून दक्षिणेतल्या तालुक्यांसाठी वेळ पाऊस सुरू होण्याच्या तोंडापासून दसऱ्यापर्यंत ठेवावी लागेल, खुरपणीच्या दिवसांत संध्याकाळची, आणि बायकांशी बोलायचं असेल तर स्वयंपाक आवरल्यावरची. अकोल्याच्या डोंगरात भाताची लावणी उरकेपर्यंत कोणाला हाक मारू नये.